सीनेम लागला की नाही? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (मांद्रे, होमस्टे): बुकिंगचं पान बाहेरच्या कंपनीकडे आहे. त्यांनी सांगितलेला सीनेम, म्हणजे आपलं एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद, काल लावला, पण अजून जुनंच पान येतंय. लागलाय की नाही कसं बघू?

ब्राउझर बघून काही ठरवू नका, त्याच्याकडे जुनं बरंच साठलेलं असतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, एनएसलुकअप टाइप करून एंटर, मग सेट टाइप इक्वल टू सीनेम, एंटर, आणि मग पूर्ण नाव द्या, म्हणजे बुकिंग डॉट आणि पुढे तुमचं डोमेन, नुसतं डोमेन टाकलंत तर सीनेम दिसणार नाही आणि उगाच घाबराल. कॅनॉनिकल नेम असं लिहून पुढे कंपनीने दिलेलं नाव आलं की झालं काम. त्या नावाला शेवटी तुमचंच डोमेन चिकटलेलं दिसलं तर मात्र डोमेनच्या सेटिंगच्या पॅनेलमध्ये टार्गेटच्या (ज्या नावाकडे वळवायचं त्याच्या) शेवटी एक टिंब द्यायचं राहिलंय, हे भरपूर जणांचं होतं.

जुनंच उत्तर आलं तर सेट टाइप इक्वल टू एनएस करून डोमेनचे नेमसर्व्हर (त्याच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) काढा, मग सर्व्हर लिहून त्यातलं एक नाव द्या आणि टाइप परत सीनेम करून तोच प्रश्न थेट त्यालाच विचारा. तिथे नवीन दिसतंय? मग फक्त टीटीएल (जुनं उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा) संपायची वाट बघायची, 3600 म्हणजे एक तास. तिथेही जुनंच असेल तर बहुतेक तुम्ही भलत्याच पॅनेलमध्ये बदल केलाय, डोमेन घेतलं एकाकडून आणि नेमसर्व्हर दुसऱ्याचे, असं असलं की हमखास हा घोळ.

प्रश्न (म्हापसा, काजूचं दुकान): डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नुसत्या डोमेनला सीनेम दिला की पॅनेल एरर देतं.

पॅनेलचं बरोबर आहे. सीनेम असलेल्या नावावर दुसरा डेटा चालत नाही, हा नियम 1987 च्या आरएफसी 1034 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातला, आणि नुसत्या डोमेनवर एसओए नि एनएस (डोमेनची मूळ माहिती नि नेमसर्व्हर सांगणाऱ्या नोंदी) असावेच लागतात, ईमेल कुठे जायचं ते सांगणारा एमएक्स पण तिथेच. क्लाउडफ्लेअरचं फ्लॅटनिंग किंवा ॲमेझॉन रूट 53 चा अलियास वापरा, या सोयी सीनेमऐवजी थेट आयपी देतात. फक्त मग बाहेरून सीनेम शोधत बसू नका, तिथे सरळ आयपी दिसतो.

प्रश्न (फोंडा): आमच्या सर्व्हरकडे कुठकुठली नावं सीनेमने येतात, त्याची यादी मिळेल?

नाही, डीएनएसला (नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेला) असं उलटं विचारता येत नाही. टाइपमध्ये एनी (सगळ्या प्रकारच्या नोंदी) टाकूनही उपयोग नाही, ते एकाच नावाबद्दल विचारतं, आणि 2019 च्या आरएफसी 8482 नंतर बरेच सर्व्हर त्यालाही जेमतेम उत्तर देतात. स्वतःच्या डोमेनची झोन फाइल, म्हणजे सगळ्या नोंदींची यादी, तेवढी पॅनेलमधून एक्स्पोर्ट करा. त्यात शिगम्याच्या ऑफरसाठी कधीतरी काढलेलं आणि आता बंद पडलेल्या सर्व्हिसकडे जाणारं नाव सापडलं तर आजच उडवा, काही सर्व्हिसवर ते सुटलेलं नाव दुसरा कोणीही घेऊन तुमच्याच डोमेनवर स्वतःचं पान चढवू शकतो.