अडत दुकानातलं काम सोडून ‘मिस्टरी शॉपर’ व्हावं का?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहते. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात अकरा ते तीन हिशेबाचं काम करते, महिन्याला ८,५०० रुपये मिळतात. माझे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, त्यांचा पगार २६,०००. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी दीड वर्षात ६०,००० रुपये बाजूला काढायचे आहेत. मैत्रिणीनं मिस्टरी शॉपरचं काम सुचवलं : गिऱ्हाईक म्हणून दुकानात जायचं, सेवा कशी मिळाली याचा रिपोर्ट भरायचा. एका कंपनीनं कामांचं पत्रक पाठवलं आहे, त्यात कोल्हापूरच्या एका शोरूमच्या कामाचे ७०० रुपये मिळतात. टेलिग्रामवरही एक ऑफर आहे. तिथं १,९९९ रुपये नोंदणी आहे, पण कमाई जास्त सांगतात. अडतीचं काम सोडावं आणि ८०,००० रुपयांच्या कर्जावर स्कूटर घेऊन हेच पूर्ण वेळ करावं का?

उत्तर : ताई, काम सोडू नका आणि स्कूटरसाठी कर्जही काढू नका. पत्रकातली सांगली-मिरजेतली मोजकी कामं मात्र अवश्य करा. टेलिग्रामवाल्याला आज ब्लॉक करा.

आधी पत्रकाकडे बघू, कारण त्यातले आकडे नीट मांडले की उत्तर आपोआप दिसतं. कोल्हापूरच्या शोरूमचं काम आहे : मानधन ४०० रुपये, शिवाय ३०० रुपयांपर्यंतच्या खरेदीची भरपाई. तुम्ही पत्रात हे ‘७०० रुपये’ असं धरलंय. ते ३०० रुपये कमाई नाही. तुमच्याच पर्समधून गेलेले पैसे परत येणार आहेत, तेही रिपोर्ट मंजूर झाला तर. राहिले ४००. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तरी जाणं-येणं आणि तिथली रिक्षा मिळून दीडशे धरा. उरले २५०. वेळेचं काय? सूचना वाचायला अर्धा तास, प्रवासाला तीन तास, शोरूममध्ये पाऊण तास, आणि घरी आल्यावर प्रश्नावली भरणं, बिलाचा फोटो चढवणं, कोण काय बोललं ते आठवून लिहिणं यात सव्वा तास. साडेपाच तासांचे २५० म्हणजे तासाला ४५ रुपये. अडतीत तुम्ही महिन्याला साधारण शंभर तास बसता, तिथं तासाला ८५ पडतात. पूर्ण वेळ हे करायचं म्हणजे ८५चा तास विकून ४५चा तास विकत घ्यायचा.

त्याच पत्रकात मिरजेच्या पेट्रोल पंपाचंही काम आहे : मानधन २५०, शंभर रुपयांच्या पेट्रोलची भरपाई. मिस्टरांच्या गाडीत पेट्रोल तसंही भरावंच लागतं, म्हणजे इथली भरपाई खऱ्या अर्थानं उपयोगाची. रिपोर्टसकट दोन तास धरले तर तासाला सव्वाशे. असं काम सोडू नये. घराजवळचं, घरात लागणारीच वस्तू घ्यायला लावणारं आणि छोटा रिपोर्ट असलेलं, एवढंच बघून कामं निवडा. कोल्हापूरला जायचंच असेल तर एका फेरीत दोन-तीन कामं जुळली तरच.

पण ही चांगली कामं महिनाभर पुरतील का? नाही पुरणार. एकाच दुकानात तोच शॉपर लागोपाठ पाठवत नाहीत, कर्मचारी ओळखतात म्हणून. काही महिने थांबावं लागतं. सांगली-मिरजेत अशी तपासणी करून घेणारे ब्रँड, पंप, बँकांच्या शाखा किती असणार? मोठ्या शहरातली बाई यातून जेवढं काढेल तेवढं इथं निघणार नाही, आणि यात तुमची काही कमतरता नाही. महिन्याला चार कामं, हजार रुपये, एवढंच मी धरेन. पावसाळ्यात तेही कमी. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की ठरल्या तारखेला शोरूम गाठणं आपल्या हातात राहत नाही, आणि तारीख चुकली की काम दुसऱ्याकडे जातं.

आता स्कूटर. ८०,००० रुपये, तीन वर्षं, १२ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण २,६६० रुपये येतो. महिन्याला आठ कामं मिळाली आणि सरासरी ३०० मानधन पडलं, तरी हातात २,४००. पेट्रोल घालायच्या आधीच हप्ता कमाईच्या पुढे गेला. शिवाय मानधन आणि भरपाई महिना-दीड महिन्यानं जमा होते. आठ कामं, दर कामाला ५०० रुपयांची खरेदी आणि दीड महिन्याची उधारी म्हणजे कायम ६,००० रुपये तुमचे बाहेर अडकलेले. ज्या घरात ३४,५०० रुपये येतात, तिथं ही रक्कम लहान नाही. म्हणून एक मर्यादा ठेवा : एका वेळी २,००० रुपयांपेक्षा जास्त बाहेर नको. पैसे आले की पुढचं काम घ्या. क्रेडिट कार्डावर खरेदी करून भरपाईची वाट बघायची, हे अजिबात नको.

टेलिग्रामच्या ऑफरबद्दल मला फार काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खरी मिस्टरी शॉपिंग कंपनी शॉपरकडून नोंदणीचे पैसे घेत नाही. ती ब्रँडकडून पैसे घेते आणि त्यातून तुम्हाला देते. फसवणारे सुरुवातीला दोन-तीन सोपी कामं देतात, दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात टाकतात. मग ग्रुपमध्ये घेतात. तिथं बाकीचे लोक कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. त्यानंतर ‘आधी तुम्ही भरा, कमिशनसकट परत मिळेल’ अशी कामं येतात. रक्कम वाढत जाते, ॲपवर आकडा दिसतो, पण काढता येत नाही. काढण्यासाठी ‘टॅक्स’ भरा म्हणतात. अमेरिकेत असेच फसवणारे मिस्टरी शॉपरला बनावट चेक पाठवतात आणि बँकेला तो खोटा कळायच्या आत त्यातले पैसे पुढे पाठवायला सांगतात. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं त्याबद्दल इशारेही दिले आहेत. आपल्याकडे चेकची जागा यूपीआयनं घेतली आहे. ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा’ असं कुणी म्हटलं तर तो पैसा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचा असू शकतो. मग पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवते आणि घरखर्चाचे पैसेही त्यात अडकतात. मैत्रिणीनं टेलिग्रामवाल्याला पैसे भरले असतील तर तिला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. जितका उशीर, तितका पैसा हाताबाहेर.

पत्रक पाठवलेली कंपनीही तपासून घ्या. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव सापडतं का, लेखी करार देतात का, मानधन आणि भरपाई किती दिवसांत देणार आणि रिपोर्ट नाकारला तर खरेदीचे पैसे कुणाचे, हे करारात आहे का ते बघा. पहिलं काम सगळ्यात छोटं घ्या आणि पैसे जमा झाल्यावरच दुसरं.

दोन गोष्टी पत्रकात लिहिलेल्या नसतात, पण मला त्या महत्त्वाच्या वाटतात. बँक किंवा फायनान्स कंपनीचं काम आलं तर चौकशीपुरतंच बोला. कर्जाचा अर्ज भरू नका, तिथं पॅन देऊ नका. प्रत्येक अर्जाची नोंद तुमच्या क्रेडिट अहवालात होते आणि थोड्या दिवसांत बऱ्याच नोंदी झाल्या तर स्कोअर घसरतो. पुढे मुलीसाठी शैक्षणिक कर्ज लागलं तर ते नडेल. दुसरं, ओळखीचा माणूस कामाला असेल त्या दुकानाचं काम घेऊ नका. काउंटरवरच्या पोराचा इन्सेंटिव्ह तुमच्या रिपोर्टवर ठरू शकतो. जे दिसलं तेच लिहा, घाईघाईत अंदाजानं भरू नका.

आता मूळ मुद्दा, ६०,००० रुपये. हा आकडा तुम्ही फीचा धरलाय असं दिसतं. तुमचं वार्षिक उत्पन्न सव्वाचार लाखांच्या आत आहे. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. तुम्ही कोणत्या प्रवर्गात बसता ते पत्रात नाही, पण बसत असाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाची कागदपत्रं बारावीच्या परीक्षेआधी हातात ठेवा. जात पडताळणी लागणार असेल तर आत्ताच अर्ज करा, तिला वेळ लागतो. या कागदांमागे घालवलेले दोन दिवस कुठल्याही शोरूमच्या फेरीपेक्षा जास्त पैसे वाचवतील. सांगलीतल्याच वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागला तर वसतिगृहही नको. मग उरतो लॅपटॉप, पुस्तकं, किरकोळ खर्च.

त्यासाठी महिन्याला २,००० बाजूला काढा. हजार मिस्टरी शॉपिंगचे. उरलेल्या हजारासाठी मालकांशी बोला : हळदीच्या सौद्यांच्या हंगामात हिशेबपट्ट्या आणि बिलांचं काम किती तुंबतं ते तुम्हालाच ठाऊक. सध्याच्याच दरानं महिन्याला बारा तास जादा मागा, किंवा शेजारच्या अडतीची बिलं घरून करा. दीड वर्षात ३६,००० आणि वर व्याज. पैसे बँकेच्या आवर्ती ठेवीत (आरडी) ठेवा. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, तुमच्या मुदतीत बसत नाही. पतसंस्था व्याज थोडं जास्त देईल, पण बँकेतल्या ठेवीला असलेलं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण तिथं नाही.

कराची भीती बाळगू नका. मानधन तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, पण या रकमेवर तुम्हाला कर लागणार नाही. कंपनीनं मानधनातून टीडीएस म्हणजे आगाऊ कर कापलाच तर रिटर्न भरून तो परत मिळतो. पॅन या मिस्टरी शॉपिंग कंपनीकडे नोंदवलेला असू द्या, नाहीतर कपात २० टक्क्यांनी होते.