जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘आफ्रिका/ब्रास’ या अल्बममध्ये एवढी पितळी वाद्यं नेमकी काय करतात?

बिग बँडसारखी (मोठ्या जॅझ वाद्यवृंदासारखी) जुगलबंदी ऐकू येईल या अपेक्षेने लावलात तर निराशा होईल. 1961 च्या मे-जूनमध्ये न्यू जर्सीतल्या ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. इम्पल्स या रेकॉर्ड कंपनीसाठी कोल्ट्रेनचा हा पहिलाच. ट्रंपेट, फ्रेंच हॉर्न, युफोनियम, ट्यूबा असा मोठा ताफा मागे आहे. त्यातही फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबामुळे आवाज झगझगीत न होता जाड, खर्जातला होतो.

‘आफ्रिका’ ऐका, सोळा मिनिटांहून जास्त लांब आहे आणि मूळ एलपीची एक अख्खी बाजू त्यानेच व्यापली आहे. दोन बास (खर्जातली मोठी तंतुवाद्यं) आहेत. त्यांचा आधार तानपुऱ्यासारखा सतत चालू राहतो, वर मॅकॉय टायनरच्या पियानोतली स्वरगुच्छांची चाल एरिक डॉल्फी या वादकाने ब्राससाठी (पितळी वाद्यांसाठी) वाटून दिलेली. म्हणजे ही वाद्यं सोलो घेत नाहीत, सॅक्सोफोनच्या पाठीमागून हुंकार आणि चीत्कार देतात.

मागच्या बाजूला ‘ग्रीनस्लीव्हज’ (यात सोप्रानो सॅक्स) आणि ‘ब्लूज मायनर’. माझ्या मते ‘ग्रीनस्लीव्हज’मध्ये ब्रास नसता तरी चाललं असतं. पण एल्विन जोन्सच्या ड्रम्ससाठी तरी हेडफोन लावूनच ऐका.