शिकागोतल्या जुन्या सलूनचा मालक शोधताय? आधी घराचा नंबर तपासा

तुम्ही म्हणताय की शिकागोत तुम्ही भाड्याने राहता त्या बिल्डिंगीत खाली १९०५ च्या आसपास सलून होतं (बाकीच्यांसाठी सांगतो, न्हाव्याचं नाही, दारूचं) पण त्या वेळच्या शहर डिरेक्टरीत (रहिवासी आणि धंद्यांची नाव-पत्त्यांची छापील यादी) या पत्त्यावर कुणीच सापडत नाही. सापडणारच नाही, कारण १ सप्टेंबर १९०९ पासून शिकागोने घरांचे नंबर बदलले, डाउनटाउनचे १९११ मध्ये. आधी जुना नंबर काढा, जुने-नवे नंबर जुळवणाऱ्या याद्या ऑनलाइन मिळतात. मग सॅनबॉर्नचे फायर इन्शुरन्सचे नकाशे बघा, त्यात विटांचं घर गुलाबी, लाकडाचं पिवळं, आणि कोपऱ्यावरच्या घरात बारीक इंग्रजी अक्षरात "Sal" (सलूनचं लघुरूप) दिसलं की समजा तेच आपलं सलून.

आता खरी मेख. "मालक" एकच धरून चालू नका, माझे यातच कितीतरी शनिवार गेले. १९०६ मध्ये तिथली लायसन फी वर्षाला ५०० डॉलरवरून थेट १००० झाली, साध्या माणसाला आधीचे ५०० सुद्धा जड, मग १००० कुठून आणायचे, म्हणून बहुतेक ठिकाणी बिअर कंपनीच फी भरायची, बार-टेबलं द्यायची, कधी जागाही तिचीच, आणि चालवणाऱ्याने फक्त तिचीच बिअर विकायची. याला टाइड हाउस म्हणायचे. मिलवॉकीच्या श्लिट्झ या बिअर कंपनीने अशी बरीच बांधली, शिकागोत बेलमाँट आणि साउथपोर्ट रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९०३ च्या बिल्डिंगीवर त्यांचं चिन्ह, पट्टा बांधलेला पृथ्वीगोल, अजून दिसतं. म्हणजे खरेदीखतात कंपनीचं नाव आणि डिरेक्टरीत भलत्याच माणसाचं, दोन्ही खरंच.

खरेदीखतं कुक काउंटी (शिकागो जिच्यात येतं ती) क्लार्कच्या कचेरीत, पण तिथे रस्त्याच्या पत्त्याने काही होत नाही, प्लॉटचं कायदेशीर वर्णन घेऊन जा.

चालवणाऱ्या माणसासाठी १९१० ची जनगणना सोन्यासारखी आहे. मातृभाषा, अमेरिकेत कधी आला, घर स्वतःचं की भाड्याचं, धंदा स्वतःचा की नोकरी, सगळे कॉलम आहेत. पण नुसत्या इंडेक्सवर जाऊ नका, मूळ पान उघडा. मी शोधत होतो त्या माणसाचं आडनाव इंडेक्समध्ये पार चुकलेलं होतं, शेवटी रस्त्याच्या नावावरून पानंच्या पानं उलटली तेव्हा सापडला, आणि त्याच्याच खालच्या ओळीत भाडेकरू म्हणून त्याचा बारटेंडर! ते वाचून अंगावर काटा आला. आणि १९२० च्या जनगणनेत "सलून" शोधू नका, दारूबंदी आलेली होती, तेच लोक सॉफ्ट ड्रिंकवाले म्हणून नोंदलेत का ते बघा.

तुमच्या भिंतीवर वरच्या बाजूला कुठलं चिन्ह कोरलंय का? असेल तर फोटो टाका, कंपनी कुठली ते बघू.