ब्राउन घराणं आणि मेफ्लॉवर

प्रश्न : माझे जावई अमेरिकन आहेत, ओहायोचे. आडनाव ब्राउन. मूळ पुरुष पीटर ब्राउन 1620 मध्ये इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्यांच्या मेफ्लॉवर जहाजातून आला, असं त्यांच्या घरात पूर्वापार सांगतात. इंटरनेटवर कुणीतरी तयार करून ठेवलेली वंशावळ त्यांनी मला पाठवली आहे. नातीसाठी ती मराठीत लिहून काढावी असं मनात आहे. 1850 च्या जनगणनेत त्यांचे पूर्वज ओहायोत सापडतात, पण जन्मस्थान 'न्यूयॉर्क' एवढंच लिहिलेलं आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत पिढ्या मिळतात, तसं तिकडे काही असतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, लिहायला बसण्याआधी त्या वंशावळीचं पहिलं पान बाजूला काढून ठेवा. मेफ्लॉवरवरचा पीटर ब्राउन 1633 मध्ये प्लिमथला (आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात) वारला. त्याचा जो वंश कागदोपत्री सिद्ध झाला आहे, तो मुलींकडून चाललेला आहे. मेरी टिंकम घराण्यात दिली, रिबेका स्नो घराण्यात. बापाकडून मुलाकडे 'ब्राउन' आडनाव चालत आलेली त्याची शाखा सिद्ध झालेली नाही. घोळ होतो तो कनेक्टिकटमधल्या विंडसर गावच्या दुसऱ्याच एका पीटर ब्राउनमुळे. त्या दोघांना बापलेक ठरवणाऱ्या जुन्या वंशावळी आजही जशाच्या तशा उतरवल्या जातात. आडनाव जुळलं की घराणं जुळलं, असं मानू नका. ब्राउनसारख्या आडनावाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मात्र जावईबापूंच्या रक्तात मेफ्लॉवर नसेलच, असं मी म्हणत नाही. असलं तर ते एखाद्या पणजीच्या, खापरपणजीच्या माहेरकडून असेल. म्हणून ब्राउन पुरुषांइतक्याच नेटानं त्या घरात आलेल्या सुनांची माहेरं शोधा. तिथे बहुतेक जण कंटाळा करतात.

आता मुख्य गोष्ट. लोकांना वाटतं, चारशे वर्षांपूर्वीचं शोधणं अवघड. न्यू इंग्लंडपुरतं, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडच्या राज्यांपुरतं, हे उलट आहे. 1620 ते 1640 या काळात तिथे सुमारे वीस हजार माणसं आली आणि त्यांच्यावर अभ्यासकांनी पिढ्यान् पिढ्या काम केलं आहे. बॉस्टनची वंशावळ-संस्था 1845 पासून याच कामात आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये गावाचा कारकून जन्म, लग्नं, मृत्यू वहीत टिपायचा. बऱ्याच गावांच्या 1850 पर्यंतच्या त्या नोंदी छापून निघाल्या आहेत. तुमच्या वहीची जागा तिकडे याच नोंदींना.

वाट अडते ती 1780 ते 1850 या काळात. न्यू इंग्लंडची जमीन पुरेना, तशी तरुण मंडळी न्यूयॉर्क राज्यात आणि तिथून ओहायोत सरकली. न्यूयॉर्क राज्यात जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1880 मध्ये सुरू झाली. आणि 1840 पर्यंतच्या देशव्यापी जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बायकामुलं म्हणजे वयाच्या रकान्यातले आकडे. तुमची साखळी नेमकी इथेच तुटली आहे, आणि इंटरनेटवरच्या त्या वंशावळीत इथेच कुणीतरी अंदाजानं कडी बसवलेली असणार.

ओहायोला गेलेल्या पूर्वजाच्या आधीच्या पिढीचा माग लागत नसेल तर मागे राहिलेल्या भावंडांना धरा. न्यूयॉर्क राज्यानं 1855 मध्ये स्वतःची जनगणना केली. तीत प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं, जन्माचा जिल्हा आणि गावात किती वर्षं राहतो हे लिहिलं आहे. भावाचा जिल्हा कळला की तिथली जमिनीची खरेदीखतं काढा. बाप वारल्यावर वारस आपापला हिस्सा एकाच्या नावे सोडून देत, आणि अशा हक्कसोड-कागदावर कधी कधी सगळी भावंडं, लग्न झालेल्या बहिणी नवऱ्यांच्या नावांसकट, ओळीनं सापडतात. माझ्या मते असा एक कागद दहा तयार वंशावळींपेक्षा मोलाचा.

दुसरा खजिना निवृत्तिवेतनाच्या फायलींचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या विधवांना 1836 च्या कायद्यानं निवृत्तिवेतन मिळू लागलं, पण लग्न सिद्ध करावं लागे. गावाच्या नोंदी हाताशी नसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी घरच्या बायबलमधली, मुलांचे जन्म लिहिलेली पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली. ती आजही राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फायलींत आहेत. अशा पानावर सासरमाहेर दोन्ही सापडू शकतं.

नाशिकला बसून यातलं बरंच होतं. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं उघडता येतं, आणि तिथे आता हस्तलिखित खरेदीखतं व मृत्युपत्रं संगणकाकडून वाचून घेऊन त्यांत शब्द शोधता येतात. नुसतं 'ब्राउन' टाकाल तर हजारोंचा ढीग पुढ्यात येईल. त्याऐवजी ब्राउनसोबत जनगणनेतल्या शेजाऱ्याचं आडनाव टाका. ही माणसं शेजारीपाजारी, मेहुणे मिळून जत्थ्यानं सरकत.

मागे मॅसॅच्युसेट्सपर्यंत पोचलात तर तारखांकडे लक्ष असू द्या. 1752 पूर्वी इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष 25 मार्चला लागे. त्यामुळे फेब्रुवारीतलं बाळ 1691/92 असं दोन वर्षांत लिहिलेलं दिसेल. ती चूक नव्हे. दोन्ही आकडे तसेच उतरवा. 'ज्युनियर' म्हणजे मुलगाच, असंही धरू नका. गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला तसं म्हणत.

नातीला पीटर ब्राउनची गोष्ट मात्र जरूर सांगा, पूर्वज म्हणून नव्हे, तर गोष्ट म्हणून. 1621 च्या जानेवारीत तो आणि जॉन गुडमन छपरासाठी गवत कापायला गेले, कुत्री हरणामागे धावली आणि दोघं रानात हरवले. सिंह गुरगुरतात असं वाटून कडाक्याच्या थंडीत रात्रभर एका झाडाभोवती फिरत राहिले. परतल्यावर गुडमनचे पाय इतके सुजले होते की बूट कापून काढावे लागले.

सध्या जावईबापूंकडून तीन गोष्टी मागवा : 1850 च्या नोंदीच्या पानाची प्रत (वरखालची शेजारघरं दिसतील अशी), त्या जोडप्याच्या थडग्यावरच्या मजकुराचा फोटो, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याला विचारून आज्यापणज्यांची माहेरची आडनावं. आत्याबाईंना आधी फोन करायला सांगा. जिल्ह्याचं नाव कळवलंत की पुढची खरेदीखतं कुठे पाहायची ते मी लिहीन.