घासाघासाला मोबाइल: पालकांची प्रश्नोत्तरे

गेल्या कित्येक महिन्यांत ‘मोबाइलशिवाय जेवतच नाही’ हे वाक्य नसलेला आठवडा गेलेला नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ या नात्याने काही प्रश्न एकत्र घेतो आहे.

प्रश्न : दीड वर्षाचा नातू अमेरिकेत आहे. रोजचा व्हिडिओ कॉलही बंद करायचा का?

नाही. तो कॉल म्हणजे माणसाशी बोलणं आहे. फक्त त्याच्या शेजारी आई किंवा बाबा बसलेले असू द्या.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. दुकानदार पडद्याचा निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्ल्यू कट’ काचेचा चष्मा घ्या म्हणतो.

नंबर नसेल तर घेऊ नका. अशा काचांनी डोळ्यांवरचा ताण कमी होत असल्याचं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं नाही. नंबर आहे की नाही, हे नेत्रतज्ज्ञांना ठरवू द्या. आणि संध्याकाळी तिला मैदानावर पाठवा.

प्रश्न : नात सव्वादोन वर्षांची आहे. गाणी लावल्याशिवाय घास घेत नाही. ए-बी-सी-डी, रंग सगळं म्हणते, पण ‘पाणी दे’ म्हणत नाही. हाक मारली तरी बघत नाही. शेजारी म्हणतात, तिचा बापही उशिराच बोलला, थांबा.

आजी, थांबू नका. याच आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

वर्षाचं मूल हाकेला वळून बघतं. दीड वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवतं. दोन वर्षांचं मूल ‘आई ये’, ‘दूदू दे’ असे दोन शब्द जोडतं. ए-बी-सी-डी म्हणणं हे पाठांतर झालं. बोलणं म्हणजे आपल्याला हवं ते समोरच्याला कळवणं. ते देवाणघेवाणीतून येतं. मूल ‘भू’ म्हणतं, आपण ‘हो, भूभू आला’ म्हणतो, ते पुन्हा काहीतरी म्हणतं. गाण्याचा व्हिडिओ तिच्या बोलण्यासाठी थांबत नाही. शिवाय पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरल्याचंही कळत नाही.

पण ‘मोबाइलमुळेच झालंय, तो बंद केला की बोलेल’ असं म्हणून कृपा करून तपासणी टाळू नका. आधी ऐकू येतं का ते बघावं लागतं, त्यासाठी बेरा चाचणी असते. मग विकासाची तपासणी, त्यात स्वमग्नतेचीही (ऑटिझम). बापाच्या बोलण्याच्या गोष्टीवर सहा-सहा महिने घालवून आलेली मुलं मी रोज बघतो, आणि ते महिने मला परत आणता येत नाहीत. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा.

जेवणातला मोबाइल आजच बंद करा. दोन-चार दिवस रडेल, कमी खाईल. वजन कमी असेल किंवा काहीच खात नसेल, तर डॉक्टरांना विचारून पुढे जा.

प्रश्न : ‘तीन महिन्यांत बोलतं करणारं’ ॲप घ्यावं का?

नको. ते पैसे वाचा-उपचार तज्ज्ञांकडे खर्च करा.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. मी घरून काम करते, पाजतानाही फोन हातात असतो. बाळाला काही कळतं का?

कळतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात आयांना बाळासमोर दोन-तीन मिनिटं निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितलं. बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला बोलवायची. काही जमलं नाही की तोंड फिरवून घ्यायची. एखादा मेसेज बघितल्याने बिघडत नाही, पण पाजताना, न्हाऊ घालताना, झोपवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. अख्ख्या गावाला जमतं, तर एका घराला जमेल. घरातल्या पुरुषांनीही त्यात असायला हवं.

आणखी एक. फोन ठेवूनही बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, उगाच रडू येत असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. पुढच्या लसीकरणाची वाट न बघता तुमच्या डॉक्टरांना सांगा.