साजातला लाल खडा माणिक की तामडा, हे कसं ओळखायचं?

तुमच्या सासूबाईंच्या कोल्हापुरी साजातला लाल खडा एका सराफानं माणिक ठरवला आणि दुसऱ्यानं तामडा, म्हणजे गार्नेट. दोघांच्या गुणधर्मांत नेमका फरक काय आणि खात्री कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. मी इथं कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, खडे तपासायचं काम करतो, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

साजाच्या 21 पानांचा पारंपरिक हिशेब म्हणजे दशावताराची 10, अष्टमंगलाची 8, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक तावीज. त्यामुळे लाल पान दिसलं की ते माणकाचंच, असं घरोघरी धरून चालतात. पण पानाच्या नावावरून खडा ठरत नाही.

माणिक म्हणजे कोरंडम, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, आणि लाल रंग येतो तो त्यातल्या किंचित क्रोमियममुळे. गार्नेट हे सिलिकेट खनिजांचं अख्खं कुटुंब आहे. आपल्याकडच्या लाल तामड्यात बहुधा पायरोप आणि अल्मंडाइन या दोन प्रकारांचं कमीजास्त मिश्रण असतं, आणि रंग मुख्यतः लोखंडाचा.

बरेच लोक 'वजनावरून कळतं' म्हणतात. कळत नाही. माणकाची घनता 4.00 च्या आसपास, पायरोपची 3.8 च्या जवळ, पण रत्नातल्या अल्मंडाइनची साधारण 4.05 किंवा त्याहूनही जास्त. 5 कॅरेट म्हणजे 1 ग्रॅमचा खडा घ्या. पाण्यात बुडवून तोलला तर माणकाचं वजन 0.250 ग्रॅमनं घटेल आणि 4.05 घनतेच्या अल्मंडाइनचं 0.247 ग्रॅमनं. एवढ्याशा फरकावर निकाल देणं धोक्याचं आहे. शिवाय त्यासाठी खडा कोंदणातून काढावा लागतो, ते वेगळंच.

काचेवर ओरखडा मारून बघायचा सल्लाही ऐकू नका. मोहस मापावर माणकाचा कठीणपणा 9, तामड्याचा 7 ते 7.5 आणि काच साधारण 5.5. दोन्ही खडे काच ओरखडतात, मग त्यातून काय समजणार? कठीणपणा ओळखायचा तो खड्याच्या कडांवरून. रोजच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा 7. वर्षानुवर्षं अंगावर राहिलेल्या तामड्याच्या पैलूंच्या कडा 10 पटीच्या भिंगाखाली बोथट, बारीक टवके उडालेल्या दिसतात. माणकाच्या कडा तेवढ्याच वापरात बऱ्यापैकी धारदार राहतात. फक्त खडा बिनपैलूचा, गुळगुळीत घुमटासारखा असेल तर ही खूण उपयोगी पडत नाही.

खरा फरक प्रकाशाच्या वागण्यात आहे. माणिक आत शिरलेल्या प्रकाशाचे दोन किरण करतं, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, साधारण 1.762 आणि 1.770 अशी दोन वाचनं येतात. तामडा प्रकाश दुभंगत नाही. त्याचं वाचन एकच, आणि मिश्रणाप्रमाणे ते सुमारे 1.74 पासून 1.81 पर्यंत कुठंही येतं. म्हणजे 1.76 चा तामडाही असतो! घाईत एकच आकडा वाचून पावती लिहिली की चूक झालीच. कुणाकडेही तपासायला द्या, 'वाचन एक आलं की दोन?' एवढं जरूर विचारा.

हेच घरीही काही प्रमाणात बघता येतं. पान मागून उघडं असेल तर खड्यामागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि समोर पोलराइज्ड गॉगलची काच धरून सावकाश फिरवा. माणिक जांभळट लाल आणि नारिंगीकडे झुकणारा लाल असे दोन रंग आलटून पालटून दाखवतं. तामडा तसाच राहतो. दोन-तीन कोनांतून बघा, कारण माणकातही एक दिशा अशी असते जिच्यातून रंग बदलत नाही. आणि रंग बदलला नाही म्हणजे तामडाच, असंही नाही. लाल स्पिनेल आणि काच यांचाही बदलत नाही.

मागून बंद कोंदण असेल, खाली चकचकीत पत्र्याची डाक असेल, तर नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा घ्या आणि अंधारात धरा. क्रोमियममुळे बरीच माणकं निखाऱ्यासारखी लाल पेटतात. तामडा काळपटच राहतो, त्यातलं लोखंड ही चमक दाबून टाकतं. लोखंड जास्त असलेलं माणिक, उदाहरणार्थ थायलंडचं, तेही मंद असू शकतं, म्हणून नुसत्या या दिव्यावर खडा नापास करू नका.

उलट, खडा फारच जोरात पेटला तर वेगळी शंका घ्यायची. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूईनं 1902 मध्ये ज्योतीत माणिक घडवायची रीत जाहीर केली, तेव्हापासून कृत्रिम माणिक बाजारात मुबलक आहे. त्याचा कठीणपणा, घनता, दोन्ही वाचनं, सगळं खाणीतल्या माणकासारखंच. फरक भिंगाखाली: वळणदार रेषा आणि गोल बुडबुडे दिसले तर ते कारखान्यातलं. जुन्या दागिन्यांतही ही माणकं भेटतात, हे लक्षात असू द्या.

खडा कुठलाही निघो, साजाला डाग द्यायची, म्हणजे तापवून सांधा जोडायची, वेळ आली तर कारागिराला आधी खडा काढायला सांगा. तामडा आचेनं तडकू शकतो. माणिक आच सोसतं, पण टाकणखार लागून तापलं तर त्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. धुवायला कोमट रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. लिंबू वापरू नका, कारण हल्ली भेगांत शिशाची काच भरलेली माणकं येतात आणि आम्लानं ती भरणी खराब होते.