बालाला निघालीयेस, तर एवढं वाच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, वेल्समधल्या बाला गावात तुला नर्सचा जॉब लागला हे वाचून खूप खूप आनंद झाला गं. थंडीचे कपडे वगैरे फोनवर सांगेन, आत्ता वेगळंच सांगायचंय, कारण उत्तर वेल्समध्ये मी स्वतः नर्सिंग केलंय आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तिथे वेल्श ही रोजची भाषा आहे. 2021 च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये जेमतेम 18 टक्के लोकांना वेल्श येत होती, पण ग्वेनेदमध्ये, म्हणजे तू जातेयस त्या भागात, 64 टक्के. दुकानात, शाळेत, मेंढ्यांच्या बाजारात तीच ऐकू येईल आणि तू आत शिरलीस की सगळे पटकन इंग्लिशवर येतील, तुझ्यासाठी, मायेनेच. पण जन्मभर एकमेकांशी वेल्श बोललेली चार माणसं एका पाहुण्यासाठी आपली भाषा बाजूला ठेवतात, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. तू पहिल्याच आठवड्यात सांग, तुम्ही बोला तुमचं, मला ऐकायचंय.

आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, डिमेन्शियाच्या. इंग्लिश शाळेत गेल्यावर शिकलेलं, ते आधी गेलं. रात्रभर एकच शब्द पुटपुटायच्या आणि आम्ही नोंद करायचो, पेशंट कन्फ्यूज्ड. एका पहाटे साफसफाईची बाई बादली खाली ठेवून म्हणाली, अहो त्या ‘पॉइन’ म्हणतायत, दुखतंय म्हणून. आजींचा हात पोटावर होता, तो रोजच तिथे असायचा. तो हात मी अजून विसरले नाहीये. म्हणून तू पहिला शब्द हा शिक, बोरे दा (सुप्रभात) आणि दिओल्ख (धन्यवाद) नंतर.

सुट्टीच्या दिवशी गावापासून थोडं वर केलिन तलावावर जा. शांत, सुंदर पाणी आहे, पण त्याखाली कापेल केलिन गाव आहे, शाळा, चॅपल, पोस्ट, घरं सगळं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी 1957 ला पार्लमेंटमध्ये कायदा झाला, वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नाही तरी झाला, आणि 1965 मध्ये धरण सुरू झालं. घरी बोलायची भाषा फक्त वेल्श असलेलं गाव होतं ते. तिथे या विषयावर आपण होऊन मत देऊ नकोस, कुणी बोललं तर ऐक.

आणि एक, पेशंटच्या यादीत जोन्स नि विल्यम्स इतके असतील की गोंधळशील, तेव्हा शेताचं नाव विचार, माणसं त्याच नावाने ओळखली जातात आणि विचारलं की चेहरा खुलतो.

रविवारी व्हिडिओ कॉल कर. वेल्शमधला तो डबल एलचा (ll) उच्चार, जीभ ‘ल’ च्या जागी ठेवून बाजूने नुसती हवा सोडायची, लिहून नाही समजणार, करून दाखवते.

तुझी मावशी